कोरसमधली मुलगी: एका गुन्हे-मालिकेच्या संशोधनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधल्या पाच जणांच्या एका लेखन-निर्मिती गटाचं आहे. माणसांची नावं, वाहिनीचं नाव आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले किंवा बदलले आहेत. त्या गटात मी संहिता समन्वयक होतो. कुठल्या मसुद्यात काय बदललं, कुठला कागद कुणाकडे आहे, हे बघणं माझं काम. पुढचं सगळं रामायण माझ्याकडे नसलेल्या एका कागदावरून घडलं. त्यामुळे हे लिखाण तटस्थ माणसाचं आहे असं कुणी समजू नये.

एका मराठी वाहिनीसाठी सहा भागांची गुन्हे-मालिका लिहायची होती. त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून नुकतीच बाहेर पडलेली एक महिला उपनिरीक्षक ओळख लपवून गाण्यांच्या धंद्यात शिरते, अशी गोष्ट. मुंबईचा सिनेसंगीताचा धंदा आम्हाला नको होता. तिथलं गुन्हेगारीशी असलेलं नातं 12 ऑगस्ट 1997 रोजी अंधेरीत गुलशन कुमार यांचा खून झाल्यापासून इतक्यांनी इतक्या वेळा चघळलंय की त्यात नवं काही सापडणं अवघड. आम्हाला नाशिकचा धंदा हवा होता, म्हणजे अहिराणी गाण्यांचा.

बाहेरच्यांना याची कल्पना नसते. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या ‘कसमादे’ पट्ट्यात आणि पलीकडे धुळे-जळगावात लग्न अहिराणी गाण्याशिवाय लागत नाही. पूर्वी ही गाणी कॅसेटवर यायची, मग सीडीवर, आता यूट्यूबवर येतात. एखादं गाणं ‘वाजलं’ की लाखो व्ह्यूज होतात, पुढच्या लगीनसराईत प्रत्येक डीजेवर आणि बँडवर तेच. यातली बरीच गाणी सिडको, सातपूर, अंबडकडच्या एखाद्या वनबीएचके फ्लॅटमध्ये, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून केलेल्या स्टुडिओत रेकॉर्ड होतात. पैसा येतो तिथे भांडणंही येतात. कुणी दुसऱ्याच्या गाण्यावर ‘क्लेम’ टाकून जाहिरातीचे पैसे वळवतो, तर कुणी कॉपीराइटची तक्रार करून ‘स्ट्राइक’ मारतो. नव्वद दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक बसले की अख्खं चॅनल उडतं, आणि त्या भीतीवर वसुली करता येते. आमच्या खलनायकाचा धंदा हाच होता.

मूळ कल्पना दिग्दर्शकाची. त्याच्या डोक्यात ‘वाइजगाय’ ही जुनी अमेरिकी मालिका होती. 1987 ते 1990 या काळात ती सीबीएस वाहिनीवर चालली. (नाशिककराला सीबीएस म्हटलं की बसस्टँड दिसतो. हे ते नव्हे.) स्टीफन जे. कॅनेल आणि फ्रँक लुपो यांनी निर्माण केलेल्या या मालिकेत केन वॉलनं साकारलेला विनी टेरानोव्हा हा छुपा पोलीस एकेका टोळीत शिरतो आणि ती गोष्ट बरेच भाग चालते. 1989 मध्ये आलेलं ‘डेड डॉग’ हे कथाचक्र संगीत कंपन्यांच्या जगातलं होतं. त्यात टिम करी या अभिनेत्याबरोबर ग्लेन फ्राय आणि डेबी हॅरी हे खरेखुरे गायकही होते. दिग्दर्शकाला त्यातली एक गोष्ट फार आवडायची. छुपा माणूस ज्या धंद्यात शिरतो तो धंदा त्याला मनापासून आवडायला लागतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

त्याच कथाचक्राबद्दलची दुसरी एक गोष्ट आम्हाला तेव्हाही माहीत होती, आणि आम्ही ती गंमत म्हणून एकमेकांना सांगायचो. मालिकेचे डीव्हीडी संच निघाले तेव्हा गाण्यांच्या हक्कांचा गुंता सुटेना म्हणून ‘डेड डॉग’ वगळलं गेलं. गाण्याच्या मालकीची गोष्ट सांगणारे भाग गाण्याच्या मालकीपायीच कपाटात बसले. आम्ही हसलो आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो.

संशोधन कसं करायचं

पोलिसांची बाजू समजून घ्यायला एक निवृत्त पोलीस निरीक्षक आमच्याकडे यायचे. पहिल्याच बैठकीत त्यांनी गोष्टीच्या पायालाच हात घातला. “तुमची पोरगी सहा महिने आत राहते म्हणता. तिची ड्यूटी कोण करणार? गणपती बंदोबस्त आहे, 2027 चा कुंभमेळा तोंडावर आहे. आमच्याकडे साध्या वेशातला माणूस असतो, खबरी असतो, बनावट ग्राहक असतो. दोन पंच बरोबर घ्यायचे, बनावट ग्राहक आत पाठवायचा, इशारा झाला की छापा. अर्ध्या तासाचं काम.” एफबीआयचा जोसेफ पिस्टोन 1976 पासून सहा वर्षं माफियात राहिला, तसलं काही आपल्याकडच्या पोलीस ठाण्याच्या रोजच्या कामात बसत नाही. ‘अंडरकव्हर’ला रोजच्या वापरातला मराठी शब्द नाही हे आमच्या तेव्हाच लक्षात आलं. शब्द नाही कारण ती रीत नाही. मग लेखिकेनं मार्ग काढला. नायिका गुन्हे शाखेच्या एका छाप्यात बनावट ग्राहक म्हणून जाते, छापा फसतो, पण आतल्या लोकांना ती खरीच गायिका वाटते आणि ते तिला कोरससाठी बोलावत राहतात. साहेबांना हे पटलं. छाप्याचं चित्रीकरण आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे करावंच लागतं, तेव्हा पोरीच्या हातात पिस्तुलाऐवजी मोबाइल द्या, असंही त्यांनी सुचवलं.

गाण्याच्या धंद्याची बाजू मात्र कोरडी होती. दिग्दर्शक आणि मी सिडकोतल्या एका स्टुडिओत रीतसर वेळ घेऊन गेलो होतो. मालकांना इथे भाऊ म्हणू. भाऊंनी चहा पाजला, भिंतीवरचे सत्काराचे फोटो दाखवले, कुठलं गाणं किती चाललं ते सांगितलं. दोन तासांत एकही उपयोगाचं वाक्य हाती लागलं नाही.

हा पहिला निर्णयबिंदू. आमच्यासमोर तीन वाटा होत्या. भाऊंकडे पुन्हा पुन्हा जाऊन ओळख वाढवायची, पण त्यात दोन-तीन महिने गेले असते आणि वाहिनीनं पहिल्या मसुद्याला सहा आठवडे दिले होते. धंदा सोडलेल्या एखाद्या वादकाला पैसे देऊन सल्लागार करायचं. नाहीतर आमच्या सहायक लेखिकेला तिथे कोरस गायला पाठवायचं.

ती तिशीच्या आतली, आजोळ बागलाणातलं, अहिराणी घरात बोललेली, कॉलेजच्या गॅदरिंगात गायलेली. भाऊंना अहिराणी नीट बोलणाऱ्या कोरसच्या मुली हव्याच होत्या. खोटं नाव घ्यायचं नाही, फक्त आपण काय लिहितो ते सांगायचं नाही, एवढं ठरलं. “विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर नाही,” असं दिग्दर्शक म्हणाला. मला तेव्हा हे प्रामाणिक वाटलं होतं. तिला कोण विचारणार होतं?

तीन आठवड्यांत तिनं आणलेलं सोनं होतं, हे कबूल करावं लागेल. कार्यक्रमाच्या बुकिंगला ऑर्केस्ट्रावाले ‘सुपारी’ म्हणतात, हे आम्हालाही माहीत होतं. पण भाऊ फोनवर शांतपणे “मालेगावची सुपारी घेतलीय, बुधवारी वाजवून टाकू” म्हणतात, हे तिनं ऐकलं आणि आमचा अख्खा दुसरा भाग त्यावर उभा राहिला. फोन ऐकणारा हवालदार खुनाचा कट समजून मालेगावला गाडी पाठवतो आणि तिथे हळदीच्या मांडवात बँड चाललेला असतो. गायक ‘डबिंगला’ येतो तेव्हा सँडल दाराबाहेर का काढतो, की-बोर्डवाला ऑक्टापॅडवाल्याशी का बोलत नाही, पैशाचं पाकीट नेहमी चहा झाल्यावरच का दिलं जातं, हे सगळं तिनं टिपलं.

आणि एक गाणं आणलं.

अडचण

भाऊंकडे साठी ओलांडलेले एक गायक यायचे. बागलाणातल्या एका गावचे. त्यांना आबा म्हणू. ते हळदीचं एक गाणं म्हणायचे. मुखडा जुना, बायका जात्यावर म्हणत आलेला, पण पुढची चार कडवी त्यांची स्वतःची. नवरीच्या हळदीत आई आपलं लग्न आठवते, असा त्याचा आशय. सहायकेनं ते मोबाइलवर टिपलं आणि रात्री साडेअकराला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. दिग्दर्शकाचं उत्तर दोन मिनिटांत: “हेच!”

दुसरा निर्णय इथे झाला, आणि तो घेतला कुणीच नाही. गाणं ‘तात्पुरतं’ म्हणून पहिल्या भागात आलं. मग नायिका ते शिकते असा प्रसंग आला. मग त्या गाण्यातलं एक कडवं एका जुन्या सीडीवर नाही, म्हणजे ती सीडी नकली, असा तपासाचा धागा आला. तिसऱ्या मसुद्यापर्यंत सहापैकी चार भाग त्या गाण्यावर लटकलेले होते. माझ्या तक्त्यात ‘संगीत हक्क’ नावाचा रकाना होता. त्या गाण्यासमोर मी ‘लोकगीत’ लिहून मोकळा झालो.

वाहिनीच्या कार्यकारी निर्मात्या मॅडम कडक. त्यांनी एकाच ओळीत विचारलं, “हे लोकगीत आहे असं कुणी सांगितलं?”

सहायका बैठकीत होती. ती म्हणाली, “कुणी नाही. पुढची कडवी आबांची आहेत. आणि त्याचा कागद भाऊंकडे आहे.”

2009 मध्ये, सीडीच्या जमान्यात, भाऊंनी आबांकडून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ते गाणं लिहून घेतलं होतं. आमच्या खलनायकाचा धंदा कसा चालतो ते दाखवायला लेखिकेनं जो प्रसंग रचला होता, त्यात एक स्टुडिओमालक म्हाताऱ्या गायकाकडून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर गाणं लिहून घेतो. हा प्रसंग आम्ही कल्पनेतून लिहिला असं समजत होतो. तो सहायकेच्या टिपणांतून आला होता. आणि गायकाकडून गाणं न विचारता नेण्याचं काम खलनायकाआधी आम्हीच करून बसलो होतो.

त्यात आणखी एक पेच होता. खरे भाऊ खलनायक नव्हते. आबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे त्यांनी दिले होते. आबांना त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती, अजूनही ते गाण्यामागे ठरलेले पैसे घेऊन खुशीनं गायला जायचे. ही बाजू सहायकेच्या टिपणांत होती. गोष्टीला सोयीची नव्हती म्हणून मसुद्यात आली नाही.

समोर असलेले पर्याय

गाणं काढून टाकणं सगळ्यांत सोपं. पण चार भाग पुन्हा लिहायचे आणि मुदत वाढवून मागायची. मॅडम देतील की नाही याची खात्री नव्हती.

संगीतकारानं दुसरा तोडगा सुचवला. “चाल मीच बसवतो, दोन सुर इकडचे तिकडे. शब्द लेखिकाताई लिहितील. कुणाला काय कळणार?” हे त्यानं फार सहज म्हटलं. या धंद्यात हे रोज होतं, म्हणूनच सहज. लेखिकेनं मान वर न करता विचारलं, “मग आपण पाचव्या भागात खलनायकाला अटक कशासाठी करतोय?” तो पर्याय तिथेच संपला.

तिसरा पर्याय भाऊंकडे जाऊन हक्क विकत घेण्याचा. व्यवहार म्हणून हा सरळ दिसत होता आणि दिग्दर्शकाचा कल इकडेच होता. आम्ही एका वकीलबाईंना विचारलं. त्या जिल्हा न्यायालयात मुख्यतः मालमत्तेची प्रकरणं चालवतात, पण हे प्रकरण त्यांनी दोन दिवस नीट वाचून काढलं. त्यांनी समजावलं ते असं. गाणं म्हणजे एक वस्तू नाही, तीन आहेत. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. 2009 चं रेकॉर्डिंग भाऊंनी पैसे घालून केलं, ते त्यांचं, प्रकाशनापासून साठ वर्षं. ते आपल्याला नकोच आहे. शब्द आणि चाल आबांची. ती भाऊंना दिली गेली का, किती काळासाठी, हे कागदावर अवलंबून. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 म्हणतं की असं हस्तांतर लेखी आणि सहीचं हवं, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरायची. क्षेत्र लिहिलेलं नसेल तर भारतापुरतं. 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा आणखी पक्का केला. “तेव्हा आधी तो कागद बघा,” त्या म्हणाल्या. “कागद न बघता भाऊंना पैसे दिलेत, तर जे त्यांचं नाही तेही त्यांचं आहे असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होईल.”

कागदाची एक झेरॉक्स आबांकडे होती. म्हणजे चौथा पर्याय, आबांकडे जाऊन सगळं खरं सांगणं, टाळता येणार नव्हता. वाद एवढाच उरला की कुणी जायचं. दिग्दर्शकाला वाटत होतं सहायकेनं जाऊ नये, चिघळेल. सहायका म्हणाली, मी गेले नाही तर तुम्ही कुणीही जाऊ नका.

काय केलं

रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. आबांचं घर गावाबाहेर मळ्यात, कांद्याच्या चाळीला लागून. आजींनी सहायकेला पाहून आधी आत नेलं, चुलीवरची भाकरी दाखवली, मग पाणी दिलं. तिला त्या घरात पाहुणी म्हणून वागवत नव्हते. आदल्या महिन्यात ती एकदा मुक्कामी राहिली होती आणि निघताना आजींनी तिची खणा-नारळानं ओटी भरली होती.

हे मला माहीत होतं. त्या रात्री तिनं मला फोन केला होता. “सर, त्यांनी ओटी भरली. काय करू?” मी जेवत होतो. म्हणालो, “घे ना, त्यात काय.” तो तिसरा निर्णयबिंदू होता आणि तो मी भाताच्या घासाबरोबर गिळला.

आबांना सगळं सांगायला दहा मिनिटं लागली. मालिका, कोरस, मोबाइलवरचं रेकॉर्डिंग, मसुदे. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. गाण्याचा विषय निघाला तेव्हा ते चिडतील असं वाटलं होतं. ते नुसतं म्हणाले, “हाई गाणं मन्हं शे, हाई तुमले ठाऊक व्हतं ना?” आम्ही हो म्हणालो. मग ते बराच वेळ सहायकेकडे बघत राहिले आणि विचारलं, “नाव तरी खरं सांगेल व्हतं का?”

ती म्हणाली, “हो आबा. नाव खरं.”

एवढ्यानं त्यांचं समाधान झालं असं मी लिहिणार नाही. आजी त्यानंतर बाहेर आल्या नाहीत. पण आबांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून ती झेरॉक्स काढून दिली. एक पान. ‘सदर गाण्याचे सर्व हक्क मी राजीखुशीने देत आहे’, खाली रक्कम आणि सही. मुदत नाही, क्षेत्र नाही. वकीलबाईंच्या वाचनाप्रमाणे शब्द-चालीवरचा भाऊंचा हक्क 2014 मध्येच संपला होता आणि आबांना त्याचा पत्ता नव्हता. भाऊंनाही नसावा.

परत येताना ठरलं की दुसऱ्या दिवशी भाऊंना भेटायचं. ही चूक. आबांनी त्याच संध्याकाळी भाऊंना फोन केला, आणि का करू नये? पंधरा वर्षांचा संबंध. आम्ही सोमवारी पोचलो तेव्हा भाऊ दारातच उभे होते.

“अंड्याच्या ट्रेसकट मला टीव्हीवर टाकलंत ना?” ते म्हणाले. “मला विचारलं असतं तर हिच्यापेक्षा जास्त सांगितलं असतं.” दिग्दर्शकानं सांगितलं की विचारलं होतं, चहापलीकडे काही मिळालं नव्हतं. हे खरं होतं आणि त्या क्षणी पूर्णपणे निरुपयोगी होतं. सहायकेनं माफी मागायला तोंड उघडलं, भाऊंनी तिच्याकडे बघितलंच नाही. आत की-बोर्डवाला आणि ऑक्टापॅडवाला, एकमेकांशी न बोलणारे ते दोघं, पहिल्यांदाच शेजारी उभे राहून ऐकत होते.

आठवड्यानं वकिलाची नोटीस आली. 2009 च्या कागदाचा हवाला देऊन गाणं वापरू नये, आणि व्यवसायाची बदनामी करू नये. वकीलबाईंनी कलम 19 चा आधार घेऊन उत्तर दिलं. त्यावर आजवर काही आलेलं नाही. म्हणजे प्रश्नाचा निकाल लागला नाही, तो विरला. कोर्टात काय झालं असतं ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आबांशी करार झाला. शब्द आणि चाल या मालिकेपुरती, मुदत आणि क्षेत्र लिहून, पुढच्या रॉयल्टीचा वाटा लिहून, श्रेयनामावलीत नाव. आबांनी तो नातवाकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतला. ‘क्षेत्र’ म्हणजे काय ते विचारलं. ‘सर्व हक्क’ हे शब्द कुठे नाहीत ना, तेही विचारलं. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था 1969 पासून आहे, तिचे ते सदस्य नव्हते. नातवानं फॉर्म भरून दिला.

गाणं नव्यानं रेकॉर्ड करायचं म्हणून आबांना गंगापूर रोडच्या एका चकचकीत स्टुडिओत नेलं. तिथे ते गाईनात. एसीचा गारठा, कानाला हेडफोन, काचेपलीकडे माणसं. तीन टेक सपाट गेले. शेवटी त्यांनी हेडफोन काढला, उजवा हात कानावर ठेवला आणि म्हणाले, तुमचं वाजवणं बंद करा. नुसता आवाज घेतला, वाद्यं नंतर लावली. ताल थोडा पुढेमागे आहे, संगीतकाराला तो अजून खुपतो.

निष्पत्ती

स्टुडिओमालकाचं पात्र पूर्ण बदललं. नव्या मसुद्यात तो आबांसारख्यांचा जुना स्नेही आहे, आणि वसुली करणारा कुठल्यातरी दुसऱ्या शहरात बसून स्ट्राइक मारणारा, कुणी न पाहिलेला माणूस आहे. गोष्ट यानं सुधारली असं लेखिकेचं मत. मला आधीचा खलनायक जास्त जिवंत वाटायचा, पण तो ज्याच्या जिवावर जिवंत होता ते आम्हाला परवडणारं नव्हतं. अंड्यांचे ट्रे काढले. सुपारीचा प्रसंग राहिला, तो शब्द कुणा एकाचा नाही.

मुदत पाच आठवडे लांबली. वाहिनीनं सहाचे चार भाग केले. सहायकेनं मसुदा संपल्यावर गट सोडला. भांडून नाही. तिला श्रेय ‘सहलेखन’ असं हवं होतं, ‘संशोधन’ असं नको होतं. ते दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

सहायकेला पाठवायलाच नको होतं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. दिग्दर्शक म्हणतो, पाठवलं नसतं तर मालिकाच नसती. मला वाटतं पाठवण्याआधीच बाहेर यायची तारीख ठरवायला हवी होती. दहा दिवस, मग भाऊंना जाऊन सांगायचं: ही आमची लेखिका, आता तुम्ही ठेवा नाहीतर हाकला. कदाचित त्यांनी हाकललं असतं, कदाचित नसतं. निदान ओटी भरली जाण्याआधी कळलं असतं.

निवृत्त साहेबांना हे सगळं नंतर सांगितलं तेव्हा ते आमच्यावर चिडले. “बनावट ग्राहक आत जातो तेव्हा बाहेर एक माणूस फक्त त्याच्यासाठी उभा असतो. इशारा दिसला की काढायचा. तुमच्या पोरीसाठी बाहेर कोण होतं?” ‘वाइजगाय’मध्ये विनीसाठी फोनच्या दुसऱ्या टोकाला ‘लाइफगार्ड’ असतो. जिम बायर्न्स या ब्लूज गायकानं ती भूमिका चाकाच्या खुर्चीत बसून केली होती. ते पात्र आम्हाला इतकं आवडायचं की आमच्या मालिकेतही तसा एक हवालदार लिहिला होता. सहायकेचा फोन माझ्याकडे आला तेव्हा मी जेवत होतो, हे वर लिहिलंच आहे.

गाण्याबाबत आता एक साधी शिस्त पाळतो. ‘तात्पुरतं’ म्हणून कुठलीही धून मसुद्याला चिकटवायची नाही, आणि ग्रुपवर गाणं टाकलं की त्याच संदेशात शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा हे लिहायचं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहायचं, ‘लोकगीत’ लिहायचं नाही. शिवाय आबा आणि भाऊ दोघांना एकाच दिवशी भेटायला हवं होतं, सकाळी मळ्यात आणि दुपारी सिडकोत. अंतर तेवढंच होतं.

गेल्या लगीनसराईच्या तोंडावर भाऊंनी सहायकेला मेसेज केला. तिनं तो मला पाठवला, त्यावर स्वतःचं काही लिहिलं नाही. भाऊंनी लिहिलं होतं: “दोन गाण्यांना कोरस पाहिजे, अहिराणी येणारं कुणी नाही. उद्या अकराला ये. मोबाइल दाराबाहेर ठेवायचा.”